सिनसेबाई काय म्हणाल्या

सिनसेबाई ‘नाही’ म्हणाल्या होत्या आणि मी आईला ‘हो म्हणतात’ असं सांगितलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं त्या आईला तर नाहीच नाही. एवढंसं वाक्य. पण त्यावर आमच्या घरात, नात्यात आणि इथल्या मराठी मंडळींत एक अख्खी खोटी कहाणी उभी राहिली आहे. लोक ती मलाच ऐकवतात आणि वर मला सहानुभूती दाखवतात. त्या सहानुभूतीचा मला संताप येतो, आणि तो बोलून दाखवायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही.

वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे मरीन परेडला राहायला आली. पुण्यात ती शाळेत शिवणकाम शिकवायची. इथं आल्यावर तिनं विणायला घेतलं. सिंगापुरात स्वेटर! आमची मुलगी हसून लोळायची. “आज्जी, हू वेअर्स स्वेटर हिअर लाह?” पण आईनं एकदा माझ्या ऑफिसात डोकावून पाहिलं होतं. बँकेतला तो एसी, आणि त्यात शालीत गुरफटून बसलेल्या मुली. तिनं बिनबाह्यांची जाकिटं विणायला सुरुवात केली आणि वर्षभरात ऑफिसातल्या आमच्या मजल्यावरच्या निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर आईच्या हातचं काहीतरी लटकत होतं. मला विचारणारे लोक होते, “युअर मदर टेकिंग ऑर्डर्स?” मला अभिमान वाटायचा. तो मी तिला कधी सांगितला नाही, ते वेगळं.

मग सकाळी तिच्या मुठी वळेनाशा झाल्या. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायला लागली. बोटांची पेरं लाल, गरम, सुजलेली. घरातल्या सगळ्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. आईनं स्वतः मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक सुरू केला. शेवटी बायको म्हणाली, “अरे, आईंना आज ब्लाउजचे हुक लावता आले नाहीत. मी लावून दिले. त्यांचे डोळे भरले होते.” तेव्हा कुठे आम्ही हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या सांध्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. ही म्हातारपणाची झीज नव्हे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटली आहे, आणि तिला आवरलं नाही तर ती हाड खाते. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती सोसते की नाही, यकृताला त्रास होत नाही ना, हे बघायला वरचेवर रक्ततपासणी. आईनं गोळी निमूटपणे सुरू केली. घेतली की दुसरा दिवस मळमळीत जायचा. वरणभात पुढे आला की ती तोंड फिरवायची.

आणि प्रत्येक खेपेला मी रजा टाकायचो.

इथं मला एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. माझ्या आईला इंग्रजी येतं. हळू बोलते, शाळेतलं बोलते, वाक्य मनात जुळवून मग तोंडातून काढते. पण येतं. इथल्या लोकांच्या वेगात तिची जरा फरफट होते, एवढंच. तरी डॉक्टर तिला काही विचारायचे आणि ती वाक्य जुळवत असायची, तोवर मी उत्तर देऊन मोकळा झालेला असायचो. झोप लागते का? “यस.” भूक? “ओके ओके.” सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? तेही मीच सांगायचो, अंदाजानं. मी एकटाच असं करतो असं नाही. इथल्या कुठल्याही क्लिनिकात, बँकेत, पासपोर्टाच्या खिडकीपाशी जाऊन पाहा. आपले लोक आईवडिलांना शेजारी बसवतात, त्यांना विचारलेला प्रश्न मधल्या मधे झेलतात आणि त्यांच्या नावानं उत्तर ठोकून देतात. म्हातारी माणसं आळीपाळीनं दोन्ही तोंडांकडे बघत राहतात. याला आम्ही सेवा म्हणतो. आईवडिलांचं किती करतात, असं आमच्याबद्दल बोललं जातं. डोंबल करतात! लवकर उरकावं म्हणून करतात. मी तरी त्यासाठीच करायचो.

सिनसेबाईंकडे आम्ही गेलो ते समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजींमुळे. चिनी वैद्याला इथं सिनसे म्हणतात. आजींचे गुडघे त्यांच्याकडेच सैल झाले होते म्हणे. दवाखाना आमच्याच ब्लॉकच्या खाली, एका बाजूला बेकरी आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज चढा. आम्ही आत शिरताच आईवर ओरडल्या, “आंटी, वेट! शूज!” टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती आणि नाडी बघतानाही त्यांचा एक डोळा तिकडे होता. मला बाई पहिल्या भेटीत अजिबात आवडल्या नाहीत. आईला फार आवडल्या.

कारण त्या आईला विचारायच्या. मला नाही, आईला. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि मग प्रश्नांची सरबत्ती. तहान लागते का, गार पाणी बरं वाटतं की गरम, घाम कुठे येतो, पाऊस पडायच्या आधी दुखतं की नंतर, रात्री पांघरूण हवंसं वाटतं का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर हात आडवा. “नॉट यू. आंटी टेल.” आई वाक्यं जुळवत राहिली आणि बाई थांबून राहिल्या. शेवटी त्यांनी निदान सांगितलं : वारा आणि ओल सांध्यांत शिरून बसलेत, आणि त्यात आता उष्णता पेटली आहे. आईनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. “बघ! वात कळतो रे हिला. तुझ्या त्या डॉक्टरला कळत होता का?”

पण मिठाच्या शेकाबद्दल ऐकल्यावर बाई भडकल्या. आधीच गरम असलेल्या सांध्याला आणखी गरम? स्टॉप, स्टॉप! आईचा चेहरा पडला. शेकणं हा तिच्या हाताला येणारा एकुलता एक उपाय होता. मग पथ्यं. कोळंबी नको, बदक नको, बिअर नको.

“बिअर बंद म्हणते,” आई मला म्हणाली. “आता कसं व्हायचं रे माझं!”

ती शाकाहारी आहे हे कळल्यावर बाईंनी कागदावरची एक ओळ खोडली. काय खोडलं म्हणून मी विचारलं. गांडूळ. वाळवलेलं, या दुखण्यासाठी चांगलं, पण व्हेजिटेरियन म्हणजे व्हेजिटेरियन. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की सुजलेल्या हातानं तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली आणि लगेच “आई गं” केलं. बाईही हसल्या. का हसतो आहोत हे त्यांना मी सांगितलं नाही, तरी हसल्या.

सुया, बोटांवर लेप, आणि उकळून पाकिटांत भरलेला काळा काढा. ओल्या बारदानाचा वास यायचा त्याला. आई नाक दाबून, डोळे मिटून घटाघट प्यायची आणि वर खडीसाखर चघळायची.

आणि मग ती दुपार. काढ्याचे पहिले काही दिवस झाले होते. हॉस्पिटलची पुढची तारीख त्याच आठवड्यात होती, आणि त्याच दिवशी ऑफिसात माझं वर्षाचं मूल्यमापन. आई सुया लावून पडली होती. ती मला म्हणाली, “त्यांना विचार ना, ती आठवड्याची गोळी बंद करू का आता? फार मळमळतं रे. काढ्यानं बरं वाटतंय मला. तू विचार. तुला पटापट बोलता येतं.”

मी विचारलं. सिनसेबाई हातातली सुई खाली ठेवून माझ्याकडे वळल्या आणि टीव्हीच्या आवाजात, आईला पकडता येणार नाही अशा वेगानं बोलल्या. त्यांचं उत्तर मला आजही शब्दनशब्द येतं. “नो. कॅनॉट. धिस वन ईट बोन. माय मेडिसिन मेक हर कम्फर्टेबल, हॉस्पिटल मेडिसिन स्टॉप द ईटिंग. टू टुगेदर. अँड टेल हॉस्पिटल शी इज टेकिंग माय हर्ब्स, मस्ट टेल.” मग दारावरची घंटी वाजली आणि त्या पुढच्या माणसाकडे गेल्या.

“काय म्हणाल्या?” आईनं विचारलं.

“हो म्हणतात,” मी म्हणालो. “चालेल म्हणतात. काढा चालू आहे तोवर गोळी नको.”

कशासाठी? मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं की तिची मळमळ बघवत नव्हती. खोटं आहे. मला रजा टाकायची नव्हती. गोळी बंद तर रक्ततपासणी बंद, तपासणी बंद तर तारखा बंद, आणि सिनसेबाईंकडे काय, आई लिफ्टनं एकटी खाली जाऊ शकत होती. एवढंच होतं. फार मोठं कारण असतं तर निदान मला स्वतःकडे बघता तरी आलं असतं.

पुढचे काही महिने आई खरोखर बरी होती. हे मी दडवणार नाही. सूज उतरली, सकाळचा चहा एका हातात आला, सुया पुन्हा हातात आल्या, विणायच्या. बहिणीला फोनवर सांगायची, “अगं, नुसतं मनगट धरून सगळं ओळखते!” ते सुख खरं होतं. आणि त्या सुखानंच आम्हाला आंधळं केलं, कारण दुखत नव्हतं म्हणून कुणी बोटांकडे बघत नव्हतं. आतलं खाणं चालूच होतं. मी अधूनमधून शनिवारी बरोबर जायचो. बाई विचारायच्या, “हॉस्पिटल मेडिसिन, ओके?” आणि मी मान हलवायचो. मान हलवायला काय लागतं!

एका शनिवारी लेप बदलताना बाईंनी आईचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि बघत राहिल्या. चारी बोटं करंगळीकडे कलली होती, वाऱ्यानं झाडं एका बाजूला झुकावीत तशी. त्यांनी टीव्ही बंद केला. मला टाळून थेट आईला विचारलं, “आंटी, हॉस्पिटल टॅब्लेट. एव्हरी वीक यू टेक?”

आईनं वाक्य जुळवलं. नीट, सावकाश. “नो. यू टोल्ड, नॉट नेसेसरी.”

“आय? आय टोल्ड?” बाईंचा आवाज बाहेर बेकरीपर्यंत गेला असेल. “आय टोल्ड कॅनॉट स्टॉप!”

आई गोंधळली नव्हती. तिनं माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हटलं, “अरे, सांग ना त्यांना. त्याच म्हणाल्या होत्या ना?”

तेव्हाही मला तोंड होतं. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं. मी बाईंना इंग्रजीत म्हणालो, “शी मस्ट हॅव गॉट कन्फ्यूज्ड. ओल्ड ऑलरेडी.” आणि मग मराठीत आईला म्हणालो, “तू चुकीचं ऐकलंस बहुतेक, आई. डॉक्टरांना विचारून बंद करू, असं म्हणालो होतो मी.”

आईला इंग्रजी येतं. तिला दोन्ही वाक्यं कळली.

तिनं टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “असेल. असेल बाबा. हल्ली होतं माझं असं.”

सिनसेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “यू आर द सन. आय टेल यू, यू टेल हर. हाउ कॅन बी राँग?” मी पैसे काढायला पाकीट उघडलं. हॉस्पिटलचा कागद आणल्याशिवाय सुई लावणार नाही असं त्यांनी सांगितलं, तेही चढ्या आवाजात, बाकड्यावर बसलेल्या दोन बायकांच्या देखत. आईनं चपला घातल्या. पुन्हा ती त्या दवाखान्यात गेली नाही.

हॉस्पिटलात गोळी पुन्हा सुरू झाली, वर आणखी एक. मळमळीवरही औषध होतंच. मळमळते हे कुणी सांगायला हवं होतं. दुखणं आता आटोक्यात आहे. पण बोटं जशी कलली तशी राहिली. खाल्लेलं हाड परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बहीण फोनवर रडून ओरडून विचारत होती, “अरे, पण गोळ्या बंद केल्याच कशा तुम्ही?” तेव्हा मी तिला म्हणालो, “त्या चिनी बाईनं करायला लावल्या.” सिनसेबाईंपुढे आईला दोष दिला होता, बहिणीपुढे सिनसेबाईंना दिला. माझ्या वाट्याला दोन्हीकडून कीव आली.

बोटांचं दुःख आईनं केव्हाच गिळलं. लोकरीच्या पिशव्या तिनं स्वतः समोरच्या आजींना देऊन टाकल्या. हुक बायको लावते. पण दुसरं एक घडलं, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. आईचा स्वतःवरचा विश्वास गेला. पूर्वी ती एकटी बाजारात जायची, कोथिंबिरीवरून घासाघीस करायची, एमआरटी मेट्रोनं लिटल इंडियाला जाऊन यायची. आता लिफ्टचं बटण दाबण्याआधी विचारते, “खालीच जायचं ना रे?” फोनवर कुणी निरोप दिला तर म्हणते, “थांबा हं, मुलाला देते, मला नीट कळत नाही.” हॉस्पिटलात डॉक्टर तिला कसं वाटतं विचारतात, तेव्हा ती वाक्य जुळवतच नाही. माझ्या तोंडाकडे बघते. तिला खरंच वाटतं की गोळीचं विचारलं त्या दुपारी तिचं डोकं दगा देऊन गेलं. बायको हलक्या आवाजात म्हणते, “विसरायला लागल्यात का आई? तपासून घ्यायचं का?” आणि मी, ज्याला ठाऊक आहे की ती काहीही विसरलेली नाही, तो म्हणतो, “बघू.”

मागच्या महिन्यात बुओना व्हिस्टाला एका मराठी कुटुंबाच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये आईला घेऊन सत्यनारायणाला गेलो होतो. तिथे एक गृहस्थ शिऱ्याची वाटी हातात घेऊन बोलायला लागले. स्वतः दर खेपेला पुण्याहून बॅग भरून गुग्गुळाच्या गोळ्या आणतात, गुडघ्यासाठी.

“हे चिनी वैदू म्हणजे निव्वळ लूट. ही मुळं, तो पाला, कोण जाणे काय काय उकळतात. यांच्या आईंचंच बघा ना! धडधाकट हात होते. वाट लावली त्या बाईनं. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं? सांगितलं बंद करा, केलं बंद.”

पाच-सहा माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. आणि मग तीच म्हणाली, हळूच, “नाही हो, त्या बाईंना बोल लावू नका. त्या बरोबरच सांगत होत्या. मलाच उलटं ऐकू आलं. वय झालं माझं.”

“बघा किती मोठं मन!” ते गृहस्थ म्हणाले.

 वाटी हिसकावून भिंतीवर मारावी असं वाटलं. तुम्हाला काय माहीत आहे? कोणी सांगितलं तुम्हाला? कोणत्या तोंडानं त्या बाईला लुटारू म्हणता, जिनं एक ओळ खोडून गांडूळ वगळलं होतं, जिनं ‘नॉट यू, आंटी टेल’ म्हटलं होतं? म्हाताऱ्या माणसाला काय कळतं म्हणता? तिला सगळं कळत होतं! ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी उमगलं की हे सगळं मलाच लागू आहे. ते बिचारे माझीच गोष्ट सांगत होते, मी दिली तशी, एका शब्दाचाही बदल न करता. मी शिरा खाल्ला. ‘छान झालाय’ म्हणालो.

त्या दवाखान्यात आमची दोन-तीन मराठी कुटुंबं जायची. आता जात नाहीत. सिनसेबाई लिफ्टपाशी दिसल्या तर मी जिन्यानं चढतो.  एकदाच त्या आईला माझ्याबरोबर पाहून थांबल्या आणि तिचा हात हातात घेऊन बोटं पाहिली. “आंटी, पेन?” आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

आणि आता हे मी इथं लिहितोय, अनोळखी माणसांसाठी, आई पलीकडच्या खोलीत असताना. हाही पळपुटेपणाच, मला कळतं. पण ज्या कहाणीवर मला आजवर कीव मिळाली तिचा एक तरी शब्द कुणीतरी आता माझ्याविरुद्ध वापरावा, असं मला वाटतं.

देणं आहे ते एवढं. आईपुढे बसून तिला सांगायचं की तू बरोबर ऐकलंस, बरोबर समजलीस, तुझं डोकं शाबूत आहे, खोटं मी बोललो. ते दोन्ही वेळचं. मग तिला घेऊन खाली जायचं आणि तेच सिनसेबाईंना सांगायचं, इंग्रजीत, आईला ऐकू येईल असं. बहिणीला आणि त्या कॉन्डोतल्या माणसांनाही. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.